बिंग क्रॉस्बीच्या पद्धतीच्या, तंबाखू ओढण्याच्या पाइपांचा संग्रह करायचा आहे. सुरुवात कोणत्या पाइपापासून करावी?

अमेरिकी गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी यांच्या आवडीच्या घाटाचे पाइप जमवायचे असल्यास इटलीतील साविनेल्ली कंपनीच्या ‘बिंग्ज फेव्हरिट’ या नमुन्यापासून सुरुवात करावी, कारण लहानशी सरळ वाटी आणि लांब, सडपातळ दांडी हे त्यांच्या पाइपाचे रूप त्यात नेमके उतरले आहे. जुना पाइप घेताना सगळे लक्ष दांडीवर ठेवावे. इतक्या बारीक मुखनळीवर दातांचे व्रण लवकर उमटतात, तर मुखनळी जिथे ब्रायर लाकडात बसते त्या सांध्यापाशी केसाएवढी चीर गेलेली असू शकते. पाइप साफ करण्याची मऊ तार मुखाकडून घातल्यावर वाटीच्या तळापर्यंत विनासायास पोहोचली पाहिजे. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे. व्हल्कनाइटची (कडक केलेल्या रबराची) काळी मुखनळी हिरवट-तपकिरी पडली असेल, तर केवळ त्या कारणाने पाइप नाकारू नये, कारण तो हवा व प्रकाश यांचा परिणाम असून घासून-पुसून काढता येतो. मात्र ‘बिंग्ज फेव्हरिट’ हे नमुन्याचे नाव आहे, मालकीचा पुरावा नव्हे. क्रॉस्बी १९७७ साली निवर्तल्यानंतरही हे पाइप बनत राहिले, त्यामुळे ‘त्यांनी स्वतः वापरलेला’ म्हणून जादा किंमत मागितली गेल्यास कागदोपत्री आधार पाहिल्याशिवाय ती देऊ नये.