एएफएमच्या पेपरला सोबत कोण?

पत्र : ताई, मी चोपड्यात एका बँकेत लिपिक आहे. शिक्षण बीएस्सी, लग्न नुकतंच झालंय. जेएआयआयबीचे, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचे, तीन पेपर निघाले, पण एएफएम, म्हणजे हिशेब आणि वित्त व्यवस्थापनाचा पेपर, दोनदा चाळिशीतल्या गुणांवरच अडकला. शाखेत परीक्षा देणारं दुसरं कुणी नाही. टेलिग्रामच्या गटांत नुसता पीडीएफचा पाऊस. शेजारच्या बँकेतला एक जण याच पेपरला बसतोय, पण त्याच्यासोबत अभ्यासाला बसले तर गावात चर्चा होईल, सासूबाईंनाही आवडायचं नाही. एकटीनं वाचायला घेतलं की झोप येते. अभ्यासाला जोडीदार कुठून आणू?

उत्तर : अगं, काउंटर सांभाळून, घरचं सगळं करून तू तीन पेपर काढलेस आणि ते पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंस! मला त्याचं फार कौतुक वाटलं.

आता एएफएम. ५० गुण लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुझी आकडेमोड कच्ची नसणार. बीएस्सीवाल्यांचं घोडं बहुतेक वेळा डेबिट-क्रेडिटपाशी अडतं. घसारा, ताळेबंद, बॉण्डची किंमत हे कुणी शेजारी बसून दोनदा सोडवून दाखवलं की पुढे हात चालतो. म्हणून तुझा पहिला जोडीदार परीक्षार्थीच असायला हवा असं नाही. चोपड्यात बी.कॉम. झालेली, कर सल्लागाराकडे काम करणारी किंवा सीए इंटरची तयारी करणारी एखादी मुलगी नक्की सापडेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला घरीच बोलाव. तिला बँकभरतीची परीक्षा द्यायची असेल तर तू तिची तयारी करून घे. देवाणघेवाण असली की अशी सोबत टिकते.

दुसरा जोडीदार मात्र त्याच पेपरचा हवा, म्हणजे वेळेचा धाक राहतो. परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते, सगळ्या बँकांना तीच. त्यामुळे आपल्याच शाखेत शोधत बसू नकोस. तुझ्याबरोबर ट्रेनिंगला होते ते आज शिरपूर, शहादा, अमळनेर कुठे कुठे असतील. त्यांच्या ग्रुपवर "कोणी अभ्यास करतंय का?" असं विचारलंस तर नुसते अंगठे येतील. त्यापेक्षा लिही : एएफएम राहिलाय, रात्री साडेनऊला वीस मिनिटं फोनवर बसू शकते, रोज पाच गणितं. एवढं नेमकं विचारलं की ज्याला खरंच गरज आहे तोच उत्तर देतो.

फोनवर वाचत बसू नका. एकीनं विचारायचं, दुसरीनं पुस्तक मिटून समजावून सांगायचं. बोलताना जिथे अडखळशील, तेवढंच दुसऱ्या दिवशी वाचायचं. अशा वेळी झोपही येत नाही. दोन आठवडे करून बघा. गप्पा मॅनेजरच्या तक्रारींवरच घसरायला लागल्या तर सरळ दुसरी सोबत शोध, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि एक, उदाहरण म्हणून ग्राहकाचं खातं किंवा शाखेतल्या स्क्रीनचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, अगदी जवळच्या मैत्रिणीलासुद्धा.

शेजारच्या बँकेतल्या सहकाऱ्याला मी तरी सोडणार नाही. त्याला या फोनवर तिसरा म्हणून घे. सासूबाईंच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी तूच सांग, नवऱ्यासमोर सांग, पेपर निघाला की पगारात वाढ लागते हेही सांग. चर्चा करणारे तू घरात बसलीस तरी करतातच.

वेळेचं मात्र मनावर घे. पाच प्रयत्न किंवा तीन वर्षं, जे आधी संपेल ते. मग काढलेले तीनही पेपर हातचे जातात आणि नव्यानं नाव नोंदवावं लागतं. तुझे दोन प्रयत्न झालेत. मे-जूनची परीक्षा धरायची तर आपल्याकडे मार्चएंड, मग खरिपाच्या पीककर्जाची गर्दी, त्यातच अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणं आणि लग्नसराई. एप्रिलमध्ये तुला श्वास घ्यायलाही फुरसत मिळणार नाही. खरा अभ्यास जानेवारी-फेब्रुवारीतच उरकायला हवा, त्यामुळे जोडीदार दिवाळीनंतर लगेच शोधायला लाग. अर्ज सगळ्यांनी एकाच दिवशी भरा आणि केंद्रही एकच मागा, म्हणजे परीक्षेला जाताना तुला एकटीला प्रवास करावा लागणार नाही.