वाचकांचे प्रश्न : चेंडू दर वेळी वेगळाच का पडतो?

ब्राउझर उघडायचा, एखादी फळी ठेवायची किंवा रेघ ओढायची, चेंडू सोडायचा आणि तो टोपलीत पडतो का ते बघायचं. वजन, घर्षण आणि उसळी यांवर चालणाऱ्या या कोड्यांबद्दल मुंबईतून बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

एका टप्प्यात चेंडू उतारावरून येतो, ठोकळ्यावर आपटतो आणि टोपलीत पडतो. फळी तीच, जागा तीच, तरी पाचांतून दोनदाच जमतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तर चेंडूचा मार्गच बदलतो. खेळात मुद्दाम नशीब घातलेलं असतं का? (दादर)

बहुतेक खेळांत नसतं. हे खेळ ज्या हिशेबावर चालतात त्याला फिजिक्स इंजिन म्हणतात. एरिन कॅटो यांनी लिहिलेलं ‘बॉक्स टू-डी’ हे त्यातलं सगळ्यात परिचित. ‘अँग्री बर्ड्स’ही त्यावरच उभा राहिला. अशी इंजिनं काळाचे तुकडे करतात. साधारणपणे एक तुकडा सेकंदाचा साठावा भाग असतो. प्रत्येक तुकड्यात वेग वाढवायचा, वस्तू पुढे सरकवायची, कोण कोणाला भिडलं ते तपासायचं आणि घुसलेलं बाहेर ढकलायचं. तोच आकडा घातला की तेच उत्तर येतं.

म्हणजे आकडा आपल्याकडूनच बदलतो. कॅरममध्ये स्ट्रायकर केसभर बाजूला लागला तर पहिल्या सोंगटीचा कोन थोडासाच चुकतो, पण तिने ढकललेली दुसरी सोंगटी भोकापासून चांगलीच लांब जाते. इथेही तसंच आहे. फळी एका पिक्सेलने सरकली तर पहिल्या टकरीनंतर ते कळतही नाही, तिसऱ्या टकरीनंतर चेंडू टोपलीबाहेर असतो.

दुसरं कारण घाईचं. टप्पा उघडतो तेव्हा ठोकळे पूर्ण स्थिर नसतात, एकमेकांवर बसत असतात. बॉक्स टू-डीमध्ये वस्तू सलग अर्धा सेकंद जवळजवळ हलली नाही की इंजिन तिला ‘झोपवतं’, म्हणजे तिचा हिशेब थांबवतं. त्याआधी चेंडू सोडलात तर दर वेळी ठोकळा किंचित वेगळ्या जागी असतो. त्यामुळे टप्पा उघडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा आणि मगच चेंडू सोडा.

ऑफिसातला फरक बहुधा पडद्याचा असेल. काही पडदे सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, काही १२०. नीट लिहिलेला खेळ त्याचा हिशेब ठेवतो. निष्काळजीपणे लिहिलेला खेळ दर चित्रामागे एक तुकडा पुढे जातो, आणि १२०च्या पडद्यावर सगळं दुप्पट वेगाने घडतं. एखाद्या उंचीवरून चेंडू खाली यायला लागणारा वेळ दोन्हीकडे स्टॉपवॉचने मोजा. एका ठिकाणी तो निम्मा निघाला तर तिथल्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ निवडा. बाकीचे टॅब बंद करा, बॅटरी सेव्हर काढा, ब्राउझरचा झूम १०० टक्के ठेवा.

आणखी एक सांगावंसं वाटतं. नेमक्या उसळीवर अवलंबून असलेलं उत्तर शोधत बसू नका. टोपलीच्या तोंडाशी दोन फळ्या नरसाळ्यासारख्या लावा, म्हणजे चेंडू बोटभर इकडेतिकडे आला तरी आतच पडेल. एक फळी जास्त गेली आणि तारा एक कमी मिळाला तरी आम्ही याच उत्तराला चांगलं म्हणू. सुधारणा करताना मात्र एका वेळी एकच फळी हलवा. दोन हलवल्या की कोणत्या फळीने काम केलं ते कळत नाही.

जोरात मारलेला चेंडू कधी कधी फळीतून आरपार जातो. जमिनीतून मात्र कधीच जात नाही. असं का? (मुलुंड)

हिशेब करून बघा. चेंडूचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल तर सेकंदाच्या साठाव्या भागात तो ५० सेंटिमीटर सरकतो. फळी २० सेंटिमीटर जाड असेल तर एका तुकड्यात चेंडू फळीच्या अलीकडे आणि पुढच्या तुकड्यात पलीकडे. मधल्या क्षणी कोणी तपासलंच नाही, त्यामुळे टक्कर झालीच नाही. जमीन आणि भिंती न हलणाऱ्या असतात. त्यांच्याबाबतीत बॉक्स टू-डी मधला रस्ताही तपासतं. चेंडू आणि सुटी फळी अशा दोन हलत्या वस्तूंमध्ये मात्र खेळ लिहिणाऱ्याने ‘ही गोळी आहे’ अशी खूण केली तरच तपासतं, कारण ते काम प्रोसेसरला जड जातं. तुमच्यापुरता उपाय म्हणजे जाड ठोकळा वापरा, दोन फळ्या एकमेकींना चिकटवून ठेवा किंवा आधी उतार देऊन चेंडूचा वेग मोडा.

मनोरा रचायच्या टप्प्यात वरचा मोठा दगड ठेवला की खालचे ठोकळे थरथरतात आणि काही वेळाने मनोरा आपोआप कोसळतो. (लालबाग)

लालबागच्या वाचकांना दहीहंडीचे थर वेगळे सांगायला नकोत. भारी गडी खाली, हलकं पोर वर. खऱ्या जगात काँक्रीटचा दगड पुठ्ठ्याच्या खोक्यांवर निदान काही काळ तरी राहील. इंजिनला तेही अवघड जातं, आणि त्याचं कारण गणितात आहे. ठोकळ्यांमधले सगळे दाब इंजिन एका फटक्यात काढत नाही. प्रत्येक सांध्यावर फिरून थोडं थोडं दुरुस्त करत जातं. बॉक्स टू-डीच्या जुन्या आवृत्त्यांत सुचवलेला आकडा वेगासाठी ८ फेऱ्या आणि जागेसाठी ३ फेऱ्या असा होता. वरचा दगड खालच्यापेक्षा दहापट जड असला तर तेवढ्या फेऱ्यांत हिशेब जुळत नाही. राहिलेली चूक पुढच्या तुकड्यात जाते आणि तीच थरथर म्हणून दिसते.

जड दगड सगळ्यात खाली ठेवा. वर ठेवणं भागच असेल तर मधल्या थरांची संख्या कमी करा, कारण चार लहान ठोकळ्यांपेक्षा एक मोठा ठोकळा बरा. ठेवताना वरून टाकू नका. अगदी टेकवून मगच सोडा आणि पुढचा ठोकळा आधीचा थर शांत झाल्यावरच ठेवा.

मुलगा सातवीत आहे, रोज अर्धा तास हे खेळ खेळतो. यातून विज्ञान शिकता येईल का? (अंधेरी)

नुसतं खेळून थोडंच. मोजलं तर बरंच. पडद्यावर चौकटी असतील तर उत्तम, नसतील तर पट्टी धरा.

चेंडू चार चौकटी उंचीवरून सोडायला सांगा आणि पहिली उसळी किती ते बघा. एक चौकट आली तर उसळीचा गुणांक अर्धा, म्हणजे आपटल्यावर वेग निम्मा राहिला, कारण उंची वेगाच्या वर्गाने बदलते. नंतर उताराची फळी घ्या. दहा चौकटी आडवी आणि तीन चौकटी उंच एवढ्या उतारावर ठोकळा जेमतेम थांबत असेल आणि जरा वाढवल्यावर घसरत असेल तर घर्षणाचा गुणांक ०.३. बॉक्स टू-डीमध्ये दोन पृष्ठभागांचे आकडे गुणून त्यांचं वर्गमूळ काढतात. रबराला ०.९ आणि बर्फाला ०.१ दिला असेल तर त्यांच्यातलं घर्षण ०.३च येतं. सातवीतल्या मुलाला वर्ग आणि वर्गमूळ समजावून द्यायची ही चांगली संधी आहे.

फरकही दाखवा. अशा बहुतेक खेळांत हवेचा अडथळा नसतो, म्हणून ४५ अंशांत मारलेला चेंडू त्याच पातळीवर सगळ्यात लांब पडतो. शिवाजी पार्कवर मारलेला चेंडू हवेमुळे आधीच खाली येतो. बॉक्स टू-डीमध्ये सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेगाच्या टकरीला उसळीच देत नाहीत, नाहीतर ठोकळे कायम टणटणत राहिले असते. म्हणून शेवटच्या बारीक उड्या तिथे अचानक थांबतात.

लोकलमध्ये आयफोनवर चाळीस टप्पे पार केले होते. दोन आठवड्यांनी उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. (बोरिवली)

लॉगिन नसलेल्या खेळाची प्रगती त्याच ब्राउझरच्या साठवणीत असते. साइट डेटा पुसला की ती जाते, आणि इन्कॉग्निटो खिडकीतली प्रगती खिडकी बंद होताच जाते. सफारीचा नियम आणखी कडक आहे. तुम्ही सफारी वापरत राहिलात, पण त्या साइटला सात दिवस हात लावला नाही, तर खेळाने साठवलेली माहिती ती पुसून टाकते. खेळ होम स्क्रीनवर जोडला तर हा नियम लागत नाही. मात्र खेळायला सुरुवातही तिथूनच करा, कारण त्याची साठवण सफारीपेक्षा वेगळी असते.

शाळेत असताना खेळलेले फ्लॅशचे खेळ आता चालत नाहीत. प्लेअर कुठून घ्यावा? (माहीम)

घेऊच नका. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने खेळ चालवणंच बंद केलं. आज कोणी ‘नवा फ्लॅश प्लेअर’ देत असेल तर तो उतरवू नका, त्यात हमखास घाण असते. ‘रफल’ नावाचं मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम, ब्राउझरमध्येच जुन्या फाइली चालवतं, आणि इंटरनेट अर्काइव्हवर त्याच आधारे बरेच जुने खेळ थेट उघडतात.