‘प्लग-इन हायब्रीड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : प्लग-इन हायब्रीड मोटारीला ‘द्विइंधनी’ म्हणावे की ‘संकरित’, आणि त्यातल्या ‘प्लग-इन’चे मराठीत काय करावे?

‘द्विइंधनी’ येथे चालणार नाही. सीएनजीवरच्या टॅक्सीत पेट्रोलची टाकीही असते आणि गॅस संपत आला की चालक खटका दाबून गाडी ‘पेट्रोलवर टाकतो’, हे मुंबईकराने पुष्कळदा पाहिलेले असते. तेथे इंधन बदलते, इंजिन तेच राहते. ‘द्विइंधनी’ हे वर्णन त्या टॅक्सीला शोभते. हायब्रीडमध्ये यंत्रेच दोन असतात, एक इंजिन आणि दुसरे विजेवर फिरणारे चलित्र. (मराठीत गाडीलाच ‘मोटार’ म्हणत असल्याने या यंत्रासाठी मराठी विश्वकोशातला ‘चलित्र’ हा शब्द मला सोयीचा वाटतो.)

‘संकरित’ला माझी हरकत नाही. ‘हायब्रीड’चे मूळ असलेला लॅटिन शब्द पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिल्लासाठी वापरत असत, म्हणजे संकरित गाय आणि संकरित बियाणे यांच्या पंक्तीला ही मोटार बसवण्यात अर्थाची ओढाताण होत नाही.

खरी मेख ‘प्लग-इन’मध्ये आहे, आणि ती आपल्या ‘भरणे’ या क्रियापदाशी येऊन थांबते. ‘हंडा भरला’ या वाक्यात हंडा आपोआप भरला की कोणी भरला, हे कळत नाही, कारण ‘भरणे’ अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘हायब्रीडची बॅटरी भरते’ असे लिहिले की नेमका हाच घोटाळा होतो. साध्या हायब्रीडमध्ये बॅटरी गाडीतल्या गाडीतच भरते : ब्रेक लावताना चलित्र उलट जनित्राचे काम करून गतीची वीज बनवते आणि उरलेली भर इंजिन घालते. प्लग-इन हायब्रीडमध्ये हे सगळे असतेच, शिवाय ती बॅटरी बाहेरच्या विजेवर आपण भरू शकतो.

हा फरक घरच्या वीजबिलातल्या युनिटांत मोजला तर लगेच लक्षात येतो. 1997 मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसच्या बॅटरीत दोन युनिटांहूनही कमी वीज मावत असे. 2010 च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन गाडीची बॅटरी 16 युनिटांची होती आणि तिच्यावर, इंजिन सुरू न होता, अधिकृत मोजणीनुसार सुमारे 56 किलोमीटर जाता येत असे. बोरिवलीहून फोर्टात कामाला जाणाऱ्याचे जाणे तेवढ्यात विजेवर होईल, परतीच्या वाटेत कुठेतरी इंजिन चालू होईल, आणि त्यानंतर ती साध्या हायब्रीडसारखीच वागेल.

म्हणून नावात बॅटरी कोठून भरते ते यायला हवे. शालेय विज्ञानातल्या ‘प्रभार’वरून ‘बाह्यप्रभारित संकरित मोटार’ असे लिहिता येईल. नाव अचूक आहे, पण तोंडात बसणारे नाही, त्यामुळे ते परिभाषेपुरतेच ठेवावे. बोलण्यासाठी मी ‘चार्जिंगची हायब्रीड’ सुचवीन. मोबाइलमुळे ‘चार्जिंगला लावणे’ हा प्रयोग मराठीत पक्का रुजला आहे, आणि ‘गाडी खाली चार्जिंगला लावून आलो’ या वाक्यात लावणारा कोण, याविषयी ‘भरणे’सारखी शंका उरत नाही.