तक्रार करायची, ती देवाकडेच

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

प्रार्थनेला बसते पण शब्दच फुटत नाही, उलट देवाचा रागच येतो, म्हणून ‘माझा विश्वास संपला का?’ असं विचारलंस. संपला असता तर भांडली कुणाशी असतीस? तक्रार कर. फक्त ती देवासमोर कर, मैत्रिणीला फोन नंतर.

बायबलमधलं स्तोत्र १३ काढ. सहाच वचनं, म्हणजे ओव्यांसारखे क्रमांक घातलेले छोटे भाग. पहिल्या दोनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, आणखी किती दिवस? तिसऱ्या-चौथ्यात मागणं, पाचव्या-सहाव्यात भरवसा. आपली माणसं दुसऱ्यावरून थेट पाचव्यावर उडी मारतात, साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायची घाई ना! तू दुसऱ्यापाशी थांब आणि वहीत लिही: काय झालं, कुणामुळे, केव्हापासून. ‘प्रभू, मला शांती दे’ असलं गुळमुळीत नको. मग एकच मागणं लिही. शेवटची दोन वचनं मोठ्याने वाच, मन लागलं नाही तरी. आठवडाभर हेच, सकाळी दहा मिनिटं. बायबलचे रोज तीन अध्याय वाचायचा तक्ता सध्या बाजूला ठेव. चार दिवस चुकले की त्याचंच ओझं होतं.

पुढच्या आठवड्यात स्तोत्र ४२ आणि ४३ एकत्र वाच. ‘माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे तिथे तीनदा येतं. एकदा समजावून स्तोत्रकर्त्याचंही भागलं नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं.

देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे वचन घरोघरी कॅलेंडरवर असतं. ते बायबलच्या विलापगीत या पुस्तकातलं, अध्याय ३, वचनं २२-२३. त्याआधीची वीस वचनं नुसती तक्रार. वीस! ती कुणी छापत नाही. आणि ‘सर्वदा आनंद करा’ म्हणून तुला गप्प करणारे विसरतात, की प्रेषित पौलाने ते बेड्यांत असताना लिहिलं. लोक म्हणतील, ही बाई पोरींना कुरकुर शिकवते. देवासमोर करायची असेल तर शिकवतेच.

आणि जेव गं. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला (बायबलचं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९), तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर नि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवायला लावलं. दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर घरात सांग आणि डॉक्टर गाठ. जगणं नको वाटत असेल तर आजच. चर्चच्या पाळकांना नंतर कळव.

रविवारी चर्चमध्ये गाता आलं नाही तर नुसती बस, बाकीचे गातील. ‘मन तयार नाही’ म्हणून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत भाकर नि द्राक्षरस घेणं, टाळू नकोस. आणि वहीत प्रत्येक तक्रारीवर तारीख घाल.