लोकनायकाच्या आठवणीत पळायची शर्यत कुठे होते का?

होते की, वेल्समध्ये, माउंटन ॲश नावाच्या गावात, दर 31 डिसेंबरला. नाव नोस गालन, म्हणजे वर्षाची शेवटची रात्र, आणि ती गिटो नीथ ब्रान या मेंढपाळाच्या आठवणीत. खरं नाव ग्रिफिथ मॉर्गन, जन्म 1700 चा. नीथ ब्रान हे त्याच्या शेताचं नाव, अर्थ कावळ्याचं घरटं.

त्याचे किस्से भारी आहेत. आईने चहाचं आधण ठेवलं की हा काही मैलांवरच्या पॉन्टीप्रिड गावाला जाऊन परत यायचा, पाणी उकळायच्या आत! पाय गरम राहावेत म्हणून शेणखताच्या ढिगात झोपायचा म्हणे. 1737 मध्ये शेवटची शर्यत, न्यूपोर्ट ते बेडवस, 12 मैल, 53 मिनिटांत मारली असं सांगतात. हा वेग आजच्या हाफ मॅरेथॉनच्या वर्ल्ड रेकॉर्डच्या आसपास जातो, तेव्हा तिखटमीठ भरपूर लागलंय हे उघड आहे. जिंकल्यावर, त्याच्यावर पैज लावलेल्या दुकानवाल्या शानने आनंदाच्या भरात पाठीवर अशी काही थाप मारली की गडी तिथेच कोसळला आणि गेला, वय 37.

नोस गालन शर्यत 1958 ला सुरू झाली, मध्ये काही वर्षं बंद पण होती. लानविनोच्या चर्चच्या आवारात गिटोची कबर आहे, तिथून मशाल पेटवून माउंटन ॲशमध्ये आणतात, आणि ती आणणारा 'मिस्टरी रनर' कोण हे ऐनवेळेपर्यंत गुपित ठेवतात. पहिल्या वर्षी 1948 च्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा सिल्व्हर मेडलवाला टॉम रिचर्ड्स होता.

फक्त आता मेन रेस 5 किमीचीच आणि रस्त्यावरची आहे, डोंगरदऱ्यांतून लांब पळायचं असेल तर ही नाही चालणार.