साथीच्या काळात चार वर्षांच्या मुलीला बालवाडीत मास्क लावून पाठवावे का?

चार वर्षांच्या मुलीला मास्कची सक्ती करू नये, आणि दोन वर्षांखालील बाळाला तर तो मुळीच लावू नये, कारण श्वास कोंडला तरी त्याला तो स्वतःच्या हाताने काढता येत नाही. कोविडच्या साथीत जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये, आणि भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये, जवळपास हाच सल्ला दिला होता: पाच वर्षांपर्यंत मास्क आवश्यक नाही, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला तो नीट हाताळता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि बाराव्या वर्षापासून मोठ्यांप्रमाणेच. अमेरिकेत दोन वर्षांपासूनच मास्कची शिफारस होती, पण मला आपल्याकडचा सल्ला अधिक व्यवहार्य वाटतो. या वयाचे मूल मास्क हनुवटीखाली ओढते, त्याची कड चघळते, आणि लाळेने व शेंबडाने तो पाहता पाहता ओला होतो. ओल्या कापडातून श्वास घेणे जड जाते आणि सारखा हात लागल्याने त्याचा उपयोगही उरत नाही. त्यापेक्षा बालवाडीच्या ताईंनी मास्क लावणे, वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि सर्दी-ताप असताना मुलीला घरीच ठेवणे जास्त कामाचे आहे. मात्र मुलीची प्रतिकारशक्ती एखाद्या आजारामुळे किंवा उपचारामुळे कमी झाली असेल, तर हा निर्णय बालरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा. त्यांनी मास्क सुचवलाच, तरी झोपताना आणि धावण्या-खेळण्याच्या वेळी तो काढावा.