परक्याचं लेकरू सांभाळताना दमलो, तर आमचं चुकलं का?

प्रतिपालक म्हणून, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, मूल घरी आणलेली जोडपी हा प्रश्न मला नेहमी विचारतात, बहुतेकदा आवाज खाली आणून: "हौसेनं आणलं, लेकरू गोडही आहे, मग एवढं दमायला का होतं? आमचीच माया कमी पडते का?" असंच विचारणाऱ्या एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताईंकडे आठ वर्षांचा मुलगा होता. वडील नव्हते, आईवर लांबलेल्या आजाराचे उपचार चालू होते, म्हणून अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीनं २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली त्याला या घरी ठेवलं होतं. समितीच्या परवानगीनं आई ठरावीक रविवारी भेटायला यायची. ती गेली की मुलगा जेवायचा नाही, रात्री अंथरूण ओलं करायचा, ताईंचा हात झिडकारून म्हणायचा, "तू माझी आई नाहीस." एकदा दप्तर धुवायला काढलं तर पुस्तकांमागे कागदात गुंडाळलेल्या, वाळून कडक झालेल्या चपात्या निघाल्या. "घरात काही कमी आहे का हो त्याला?" हे विचारताना ताईंना रडू आवरेना.

त्यात जाऊबाईंचा टोमणा, पैशासाठी ठेवलंय म्हणून. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. रिक्षा, औषधं, बूट यात ते कुठे गेले याची वही ताई मला दाखवायला घेऊन आल्या होत्या. आपल्या मायेचा असा हिशेब द्यावा लागावा, ही बोच मला रविवारच्या रडारडीपेक्षाही गंभीर वाटली.

मी आधी चपात्यांवर बोलले. उपाशी रात्री काढलेलं मूल पोट भरल्यावरही उद्याची तजवीज करतं, त्यात ताईंचा अपमान नाही. जाब विचारू नका, म्हटलं. त्याच्या हाताला येईल असा शेंगदाणे-चुरमुऱ्यांचा डबा ठेवा आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका.

रविवारचं दुखणं वेगळं होतं. आई गेल्यावर ताई प्रेमानं विचारायच्या, "माझ्यावर पण जीव आहे ना रे?" पोराची कोंडी व्हायची, हो म्हणावं तर आईशी बेइमानी. ताईंनी हा प्रश्न सोडला. आईचा फोटो त्याच्या कपाटात लावला, त्या संध्याकाळी पाहुणे आणि अभ्यास दोन्ही बंद केले. माझ्या आग्रहामुळे ताईंचे यजमान त्याला मैदानावर नेऊ लागले. तेवढा वेळ ताई एकट्या. सुरुवातीला त्यांना याची लाज वाटायची. दमलेल्या बाईला विसावा घ्यायची लाज वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

झिडकारणं थांबलं नाही, कमी झालं. मग एक दिवस शाळेत मुलांनी मारल्याचं त्यानं आपणहून ताईंना सांगितलं. तोवर तो खरचटलेलं कोपरही लपवायचा. हे मला सांगताना ताई फुलून गेल्या होत्या, आणि त्याच दमात म्हणाल्या, "तरी मॅडम, कधी कधी वाटतं, नेऊन सोडावं परत." मला दोन्ही खरं वाटलं. एकाच आठवड्यात समाधानही असतं आणि जीव नकोसाही होतो.

असं मनात आलं तर जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कार्यकर्त्यांना लगेच सांगा. वेळेवर कळलं तर भेटींची वेळ बदलता येते, मुलासाठी समुपदेशन मागता येतं. सगळं असह्य झाल्यावर "उद्याच घेऊन जा" असा फोन गेला, तर मुलाचं आणखी एक घर मोडतं. त्याच्यावर हात उगारावासा वाटला, तर दिवस उलटायच्या आत बोला.

आई बरी झाली तर काय, हे ताईंनी शेवटी विचारलंच. तर तो घरी जाईल. त्यासाठी त्याची औषधं, त्याची भीती, त्याला कसं झोपवायचं, हे आईला भेटीगणिक सांगायला मी सुचवलं, आणि नंतरही त्याला भेटता यावं म्हणून समितीकडे आताच विषय काढायला सांगितलं.